कॅल्सिडॉनचे चार नकार

22 ऑक्टोबर 451 रोजी कॅल्सिडॉनची धर्मपरिषद एका प्रत्ययावरून मोडायच्या बेतात होती. कॉन्स्टँटिनोपलसमोर, बॉस्फरसच्या पलीकडच्या काठावरचं हे गाव. आज तो इस्तंबूलचा कादिकॉय भाग आहे. तिथल्या संत युफेमियाच्या चर्चमध्ये पाचशेच्या आसपास बिशप जमले होते. त्यांच्यापुढे आलेल्या मसुद्यात ख्रिस्त ‘दोन स्वभावांतून’ आहे असं म्हटलेलं होतं. बहुतेकांना ते पटलं होतं. पण पोप लिओ यांचे रोमहून आलेले प्रतिनिधी अडून बसले: ख्रिस्ताच्या स्वभावांवरचं लिओंचं पत्र मान्य नसेल तर आम्हाला परत जायची परवानगी द्या, परिषद इटलीत भरवू. शेवटी बादशहाच्या अधिकाऱ्यांनी बिशपांना कोंडीत पकडणारा प्रश्न टाकला. अलेक्झांड्रियाचा, पदावरून काढलेला बिशप दिऑस्कोरस म्हणतो ‘दोन स्वभावांतून’, लिओ म्हणतात ‘दोन स्वभावांत’. तुम्ही कोणाच्या बाजूचे? लिओंच्या, असं उत्तर आलं. समिती पुन्हा आत बसली आणि ‘दोन स्वभावांत’ असा सुधारलेला मजकूर घेऊन बाहेर आली.

स्वभाव म्हणजे इथे तापट किंवा शांत स्वभाव नव्हे. एखादी गोष्ट ज्यामुळे ती गोष्ट ठरते ते सगळं मिळून तिचा स्वभाव. आता पीठ आणि पाणी यांतून कणीक होते, पण एकदा मळल्यावर त्यातलं पीठ वेगळं दाखवता येत नाही, आणि कणीक म्हणजे धड पीठही नाही नि पाणीही नाही. ‘दोन स्वभावांतून’ ही शब्दयोजना स्वतः चुकीची नव्हती; सनातनी, म्हणजे मंडळीच्या मूळ शिकवणीला धरून असलेले बिशपही ती वापरत. पण तिच्यात ही पळवाट राहत होती. संयोगाआधी दोन, संयोगानंतर एकच, असं म्हणणाऱ्यालाही तिच्यावर बिनदिक्कत सही करता आली असती. ‘दोन स्वभावांत’ म्हटल्यावर ती वाट बंद झाली.

हा सगळा शब्दांचा कीस होता, असं म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तर हा भाग ‘कठीण आहे’ म्हणून सरळ गाळला जातो. माझं मत उलट आहे: चौथ्या-पाचव्या शतकातला एकेक वाद घेतला की आत एकच प्रश्न सापडतो. ख्रिस्त असा असेल, तर माणसाचं तारण नेमकं कुठे अडतं? हा प्रश्न हातात धरून वाचलं, तर कॅल्सिडॉनच्या व्याख्येतला प्रत्येक शब्द कोणता खड्डा बुजवायला घातलाय ते दिसत जातं.

पहिला खड्डा एरियसचा. अलेक्झांड्रियातला हा धर्मगुरू 318 च्या सुमाराला शिकवू लागला की पुत्र हा पित्याची पहिली आणि सर्वोत्तम निर्मिती आहे. तो नव्हता असा एक टप्पा होता. त्याचा आवडता आधार नीतिसूत्रे 8:22. तिथे ज्ञान बोलतं, की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला उत्पन्न केलं. एरियस ख्रिस्ताला क्षुद्र मानत नव्हता, त्याच्याद्वारेच जग झालं असं म्हणत होता. अडचण अशी, की निर्मिती कितीही थोर असली तरी निर्मितीच; ती दुसऱ्या निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही, कारण तिला स्वतःलाच जोडून घ्यावं लागतं. अलेक्झांड्रियाचेच अथनेशियस यांनी पुढे आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला. शिवाय मंडळी ख्रिस्ताची आराधना करतच होती. तो निर्मिती असेल तर ती आराधना मूर्तिपूजा ठरते. 325 मध्ये निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, परिषदेने ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि ‘पित्याशी एकतत्त्व’ हे शब्द घातले. ‘एकतत्त्व’ हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, हा आक्षेप तेव्हाही होता. पण शास्त्रातला कुठलाही शब्द दिला की एरियसची बाजू त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावून तो मान्य करायची. म्हणून बाहेरचा शब्द आणावा लागला. एरियससोबत दोन बिशपांनी शेवटपर्यंत सही केली नाही. अथनेशियस त्या वेळी नुसते डीकन होते. बिशप झाल्यावर याच पायी त्यांना पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली.

दुसरा खड्डा मला जास्त धोकादायक वाटतो, कारण तो आजही रोजच्या वापरातला आहे. लाओदिकियाचा अपोलिनारिस हा निकेयाचा कट्टर समर्थक. ख्रिस्त पूर्ण देव आहे, यावर तो ठाम होता. त्याच भरात त्याने असं मांडलं की येशूमध्ये माणसाचं शरीर होतं, पण विचार करणाऱ्या मानवी मनाच्या जागी शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, होता. नाताळातली निम्मी भाषणं ऐका: ‘वरून माणूस, आत देव’, ‘देवाने मानवी देहाचा अंगरखा घातला’. हा शुद्ध अपोलिनारिस आहे, आणि बोलणाऱ्याला आपण ख्रिस्ताचा गौरवच करतोय असं वाटत असतं.

बिघडतं कुठे ते पाहा. पाप हात-पाय करतात की मन ठरवतं? लोभ, मत्सर, अहंकार ही मनाची दुखणी. ख्रिस्ताने मानवी मन धारणच केलं नसेल, तर जिथे रोग आहे तिथे वैद्य पोचलाच नाही. नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी क्लेदोनियसला लिहिलेल्या पत्रात याचा नियमच करून ठेवला: जे धारण केलं नाही ते बरं झालं नाही. ख्रिस्ताविषयीची सगळी शिकवण तपासायला मला तरी याहून धारदार हत्यार माहीत नाही. आणि शुभवर्तमानांचा मजकूर याच बाजूचा आहे. लूक 2:52 मध्ये येशू ज्ञानाने वाढतो. मार्क 13:32 मध्ये तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. मत्तय 26:38 मध्ये त्याचा जीव मरणप्राय खिन्न होतो. मानवी मनच नसेल तर वाढलं काय आणि खिन्न झालं कोण? 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने अपोलिनारिसचं मत नाकारलं.

नेस्टोरियसचं प्रकरण सर्वांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. 428 मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला आणि मरियेला ‘देवमाता’ म्हणायला त्याने हरकत घेतली. ‘ख्रिस्तमाता’ म्हणा, असा त्याचा आग्रह. त्याचा हेतू वाईट नव्हता. देवाला सुरुवात नाही, मग देवाला आई कशी, ही शंका आपल्याकडे वसईपासून सोलापूरपर्यंत कुठल्याही गावात कोणीही विचारतं. अलेक्झांड्रियाचे सिरिल यांनी बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. आई स्वभावाला जन्म देत नाही, व्यक्तीला देते. मरियेच्या पोटी आलेली व्यक्ती देवाचा पुत्र नसेल, तर वधस्तंभावर मेलेली व्यक्तीही कोणी दुसरीच. मग एक चांगला माणूस मेला, आणि त्याने आपलं काय होणार? 431 च्या इफिस परिषदेने सिरिल यांची बाजू घेतली. सिरिल यांनी अंत्युखियाच्या बिशपांची वाट न बघता परिषद सुरू केली, हे मात्र त्यांच्या चाहत्यांनाही झाकता येत नाही. समेट व्हायला 433 साल उजाडलं. त्या समेटाच्या मजकुरात ‘देवत्वाने पित्याशी एकतत्त्व, मनुष्यत्वाने आपल्याशी एकतत्त्व’ असं दुहेरी वाक्य आलं. कॅल्सिडॉनचा पाया तिथे पडला.

त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर युतिखेस अडखळला. कॉन्स्टँटिनोपलमधला हा वृद्ध मठाधिपती 448 मध्ये बिशप फ्लेव्हियन यांच्यापुढे चौकशीला उभा राहिला, तेव्हा म्हणाला: संयोगाआधी दोन स्वभाव, संयोगानंतर एक. प्रभूचं शरीर आपल्या शरीराशी एकतत्त्व आहे का, असं विचारल्यावर आजवर मी तसं म्हटलेलं नाही, असं उत्तर त्याने दिलं. तो लबाड नव्हता, विचाराने गोंधळलेला होता. पण त्याचं खरं धरलं तर ख्रिस्त आपल्यातला राहत नाही. देवत्वाच्या समुद्रात मनुष्यत्व विरघळून जातं. पोप लिओ यांनी 13 जून 449 रोजी फ्लेव्हियन यांना पाठवलेलं पत्र याच मुद्द्यावर आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इफिसात दिऑस्कोरसच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेने ते पत्र वाचूच दिलं नाही, युतिखेसला निर्दोष ठरवलं, आणि फ्लेव्हियन यांना इतकी वाईट वागणूक मिळाली की ते त्यातून उठले नाहीत. लिओंनी त्या सभेला दरोडेखोरांची टोळी म्हटलं. 450 मध्ये बादशहा दुसरा थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला, सत्ता त्याची बहीण पुल्केरिया आणि तिचा नवरा मार्कियान यांच्या हाती गेली, म्हणून कॅल्सिडॉन भरू शकलं. तो पडला नसता तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला बरं वाटत नाही.

आता व्याख्येचा गाभा. एकच आणि तोच पुत्र, देवत्वात परिपूर्ण, मनुष्यत्वात परिपूर्ण, विवेकी आत्मा आणि शरीर असलेला, दोन स्वभावांत ओळखला जाणारा; मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. पहिले दोन नकार युतिखेसच्या दिशेने, पुढचे दोन नेस्टोरियसच्या दिशेने. ‘विवेकी आत्मा’ हे शब्द अपोलिनारिससाठी. ‘एकच आणि तोच’ हे शब्द इतक्यांदा येतात की अनुवादकाला ते काढून टाकायचा मोह होतो. काढू नयेत, तेच सिरिल यांचं म्हणणं आहे. आणि लक्षात घ्या, दोन स्वभाव एका व्यक्तीत नेमके कसे नांदतात याचं स्पष्टीकरण परिषदेने दिलेलंच नाही. चारही शब्द नकारार्थी आहेत. या चार कुंपणांच्या आत राहा, एवढंच ती सांगते. ‘कसे’ याचं सोपं उदाहरण शोधणारा बहुतेक वेळा यातलं एखादं कुंपण ओलांडतो. अर्धा देव अर्धा माणूस म्हटलं की पहिलं गेलं. एका देहात दोघं राहतात म्हटलं की तिसरं.

शिकवणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाचा भाग यातूनच निघतो. वाक्य बरोबर की चूक हे कर्त्यावरून ठरवता येतं. कर्त्याच्या जागी व्यक्तीचं नाव असेल, मग ते नाव देवत्वावरून पडलेलं असो की मनुष्यत्वावरून, तर दोन्ही स्वभावांची विधानं त्याला लागतात. ‘देवाच्या पुत्राला तहान लागली’ बरोबर. ‘मरियेच्या मुलाने विश्व निर्माण केलं’ हेही बरोबर, कितीही विचित्र वाटलं तरी. पौल तर 1 करिंथ 2:8 मध्ये गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर खिळलं असं लिहितो. पण कर्त्याच्या जागी स्वभावाचं नाव आलं की सवलत संपते. ‘देवत्वाला तहान लागली’ चूक. ‘येशूचं मनुष्यत्व अनादि आहे’ चूक. ‘मरिया देवमाता’ बरोबर, ‘मरिया देवत्वाची माता’ चूक. ‘देव वधस्तंभावर मेला’ हे वाक्य यातलं सगळ्यात नाजूक. ‘पुत्र, आपल्या मानवी स्वभावात’ एवढी जोड दिली तर ते सनातनी आहे, आणि त्रैक्यापैकी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांपैकी, एकाने देहात वधस्तंभ सोसला हे 553 च्या परिषदेने मान्यच केलं. ती जोड न देता म्हटलं तर ऐकणारा पिताच मेला असं समजतो, आणि पित्यानेच दुःख सोसलं असं मानण्याच्या त्या चुकीला तिसऱ्या शतकापासून ‘पॅट्रिपॅशियनिझम’ असं वेगळं नाव आहे.

‘चमत्कार देव म्हणून केले, भूक माणूस म्हणून लागली’ ही सवयीची वाटणी जपून करावी. लिओंच्या पत्रातही तिच्यासारखी वाक्यं आहेत, आणि त्यांवरूनच इल्लिरिकम (बाल्कनचा भाग) नि पॅलेस्टाइनच्या बिशपांनी परिषदेत शंका काढल्या होत्या. त्यांना सिरिल यांच्या लिखाणातले समांतर उतारे वाचून दाखवावे लागले. लिओ स्वतः म्हणतात की प्रत्येक स्वभाव आपलं काम दुसऱ्याच्या सहभागाने करतो. लाजराच्या कबरेपाशी रडणारा आणि त्याला हाक मारणारा एकच. एक खातं देवाचं नि एक माणसाचं असे दोन हिशेब मांडत बसलं की तिसरं कुंपण पुन्हा तुटतं.

दोनशे वर्षांनी हाच प्रश्न इच्छेच्या रूपाने आला. साम्राज्याला कॅल्सिडॉन नाकारणाऱ्यांशी समेट हवा होता, म्हणून तडजोड निघाली: स्वभाव दोन, पण इच्छा एक. 638 मध्ये बादशहाने तसा फतवाच काढला. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने गेथशेमानेवर बोट ठेवलं. लूक 22:42 मध्ये ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असं येशू म्हणतो, तेव्हा मरणाला कचरणारी ती इच्छा कोणाची? देवत्वाची असूच शकत नाही. मानवी इच्छा नसेल तर तिथे आज्ञापालनही नाही, नुसतं दृश्य आहे. आणि आदामाचा बिघाड इच्छेतच झाला होता. ग्रेगरींचा नियम इथेही लागतो. या म्हणण्यासाठी 662 मध्ये वृद्ध मॅक्सिमस यांची जीभ आणि उजवा हात तोडला, आणि त्याच वर्षी हद्दपारीत ते वारले. 680–681 च्या परिषदेने त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि इच्छा एक म्हणणाऱ्यांचा निषेध करताना त्यात, तोवर वारलेल्या पोप होनोरियस यांचंही नाव घातलं.

कॅल्सिडॉन न मानणाऱ्यांबद्दल मराठी लिखाणात सर्रास ‘एकस्वभाववादी पाखंड’ असा शिक्का असतो. तो अन्याय आहे. कॉप्टिक, सिरियाक, आर्मेनियन, इथिओपियन आणि केरळातली मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळी युतिखेसला नाकारतात. ती सिरिल यांचं ‘देव-शब्दाचा एकच देहधारी स्वभाव’ हे सूत्र धरून आहेत. (गंमत म्हणजे ते सूत्र सिरिल यांनी अथनेशियस यांचं समजून घेतलं, आणि होतं अपोलिनारिसच्या गोटातलं.) त्यांच्या वापरात ‘स्वभाव’ हा शब्द आपल्या ‘व्यक्ती’च्या जवळ जातो. 1973 मध्ये सहावे पोप पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी, 1994 मध्ये दुसरे जॉन पॉल आणि नेस्टोरियसशी जिचं नाव जोडलं जातं त्या पूर्वेच्या असिरियन मंडळीचे मार दिंखा यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदनं केली. या दुसऱ्या मंडळीची भारतातली शाखा त्रिशूरला आहे. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी ख्रिस्ती शेजाऱ्यांत हे सगळे प्रवाह असू शकतात, तेव्हा व्यासपीठावरून शिक्के मारण्याआधी समोर कोण बसलंय ते बघावं.

वधस्तंभाने तारण नेमकं कसं होतं, याची व्याख्या मात्र या परिषदांपैकी एकीनेही केली नाही. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या सूत्रात, ‘आम्हा मनुष्यांसाठी व आमच्या तारणासाठी’ एवढंच आहे. मृत्यूवर विजय, खंडणी, ऋणफेड, शिक्षा भोगणं, प्रेमाचा दाखला अशी अनेक चित्रं मंडळीत एकत्र नांदली. कँटरबरीचे अन्सेल्म यांनी 1098 च्या सुमाराला ऋणफेडीचा तर्क पूर्ण केला: देणं माणसाचं, फेडण्याची ताकद फक्त देवाची, म्हणून फेडणारा देव-माणूसच हवा. कॅल्सिडॉन काढून घेतलं की हा तर्क दोन पावलंही चालत नाही.

आणि नेमका याच ठिकाणी लोकप्रिय प्रवचनांचा घात होतो. रेल्वेच्या पुलावरचा कामगार आगगाडी वाचवायला आपल्या नकळत्या मुलाला चाकांत जाऊ देतो, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. डोळ्यांत पाणी येतं, पण शिकवण चुकते. त्या मुलाला काही माहीत नाही, त्याची संमती नाही. बाप वाचतो आणि तिऱ्हाईत मरतो. योहान 10:18 मध्ये येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. 2 करिंथ 5:19 मध्ये देव ख्रिस्ताच्या ठायी स्वतःशी जगाचा समेट करतो. रागावलेला पिता आणि मध्ये पडलेला पुत्र अशी जोडी उभी केली, की दोघांच्या दोन वेगवेगळ्या दैवी इच्छा मानाव्या लागतात आणि त्रैक्यच दुभंगतं. न्यायाधीश खुर्चीवरून उतरून आरोपीचा दंड स्वतः भरतो, ही गोष्ट त्यापेक्षा बरी, कारण निकाल देणारा आणि भरणारा एकच आहे. तिच्यात उणीव एवढीच, की न्यायाधीश आरोपीच्या घरातला नाही. तिथे इब्री 2:14 जोडून वाचावं: मुलं रक्तमांसाची, म्हणून तोही रक्तमांसाचा भागीदार झाला.

ते तारण माणसाला कसं लागू होतं, हा सोळाव्या शतकाचा वाद. नीतिमान ठरवणं म्हणजे फक्त निकाल की आतला बदलही, यावर 1547 मध्ये कॅथोलिकांच्या ट्रेंट परिषदेने आपला निर्णय दिला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्गला कॅथोलिक आणि लुथरन बाजूंनी संयुक्त घोषणेवर सह्या करून बरंच अंतर कापलं. पण 1547 मध्येही ख्रिस्ताच्या दोन स्वभावांबद्दल दोन्ही बाजूंचं भांडण नव्हतं. नागपूरला 1970 मध्ये स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि वसईचा कॅथोलिक धर्मप्रांत आज याबाबतीत एकच मतांगीकार म्हणतात.

एक जागा सहसा कोणीच तपासत नाही: स्वर्गारोहण. त्या दिवसाच्या पाठात येशू ‘परत देव झाला’ असा सूर लागतो, जणू काम संपल्यावर देह खाली ठेवला. अवतार संपतो तसं हेही संपलं, असं आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं, आणि शिकवणारा ते दुरुस्त करत नाही. ‘ताटातूट न होता’ हा चौथा नकार इथे वापरायचा असतो. पुत्राने घेतलेलं मनुष्यत्व पुनरुत्थानानंतर गौरवलं गेलं, टाकलं गेलं नाही. 1 तीमथ्य 2:5 स्वर्गारोहणाच्या कित्येक वर्षांनंतर लिहिलेलं आहे, आणि देव व मानव यांच्यामधला मध्यस्थ तिथे ‘मनुष्य ख्रिस्त येशू’ असाच आहे, वर्तमानकाळात.